मायकल जॅक्सनची एक रात्र आणि चोवीस वर्षं रेंगाळलेला कर

६ जानेवारी २०२१, बुधवार. लोकल अजून सगळ्यांना खुली झाली नव्हती आणि कोरोनाची लस उंबरठ्यावर होती. त्या दिवशीच्या राज्य मंत्रिमंडळाच्या निर्णयांची यादी वाचताना एका ओळीवर मी थांबलो आणि ती पुन्हा वाचली. १ नोव्हेंबर १९९६ रोजी अंधेरीत झालेल्या मायकल जॅक्सनच्या कार्यक्रमाचं करमणूक शुल्क माफ करण्यात आलं होतं. रक्कम सुमारे ३ कोटी ३६ लाख रुपये.

मायकल जॅक्सन जाऊन तेव्हा साडेअकरा वर्षं झाली होती. ज्या कराची माफी दिली तो करमणूक करही १ जुलै २०१७ला जीएसटीत विरून गेला होता. गायक नाही, कर नाही, पण त्या रात्रीची फाइल मात्र एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत होती. नव्वदच्या दशकातल्या लोकप्रिय संगीताबद्दल आपण गाण्यांच्या आठवणींपलीकडे फारसं बोलत नाही. हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं, कारण अशा संगीताकडे सरकार कसं बघतं, हे यात जितकं स्पष्ट दिसतं तितकं दुसरीकडे कुठे दिसत नाही.

आधी तो दौरा समजून घ्यायला हवा. मुंबईचा कार्यक्रम ही त्यातली एक रात्र होती.

‘हिस्टरी’ नावाचा हा जागतिक दौरा ७ सप्टेंबर १९९६ला प्रागमध्ये सुरू झाला आणि १५ ऑक्टोबर १९९७ला दक्षिण आफ्रिकेत डर्बनला संपला. ३५ देश, ८२ कार्यक्रम. सुरुवातीची गावं बघा: प्राग, बुडापेस्ट, बुखारेस्ट, मॉस्को, वॉर्सा. सात वर्षांपूर्वीपर्यंत या सगळ्या शहरांत कम्युनिस्ट राजवट होती. प्रागला लेतनाच्या टेकडीवर एके काळी स्टालिनचा अवाढव्य पुतळा होता. तो पाडल्यावर उरलेल्या चौथऱ्यावर या दौऱ्यासाठी जॅक्सनचा पुतळा उभा केला गेला. पुढे ट्युनिस, सोल, तैवानमधली शहरं, सिंगापूर, क्वालालंपूर, मग मुंबई, आणि मुंबईनंतर बँकॉक. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर या दौऱ्याचा एकही कार्यक्रम झाला नाही. जानेवारी १९९७मध्ये हवाईत दोन झाले, तेवढेच. १९९३च्या, मुलाच्या लैंगिक शोषणाच्या आरोपांनंतर मायदेशात त्याचं वजन घटलं होतं. नव्याने दारं उघडलेल्या देशांत मात्र तो अजूनही राजा होता. भारताने आपली दारं १९९१मध्ये किलकिली केली होती. केबल घराघरांत पोचली होती, चॅनल व्ही आणि एमटीव्हीवर पोरं पोसली जात होती. त्या नकाशावर मुंबई अगदी चपखल बसत होती.

सोलची गोष्ट इथे मुद्दाम सांगतो, कारण ती मुंबईच्या गोष्टीची सख्खी बहीण आहे. तिथे ११ आणि १३ ऑक्टोबरला कार्यक्रम झाले. त्याआधी तिथल्या नागरी संघटनांनी एकत्र येऊन विरोध समिती काढली होती. तिकिटं अवाच्या सवा महाग आहेत आणि देशाचा पैसा बाहेर जातोय, हा त्यांचा आक्षेप. तिकीटविक्रीचं काम घेतलेल्या बँकेला त्यांनी बहिष्काराचा इशारा दिला, बँक मागे हटली, आणि आयोजकांनी कोर्ट गाठलं. हा वाद दक्षिण कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००१मध्ये दबाव आणायची ती पद्धत बेकायदा ठरली. म्हणजे जेमतेम तीन आठवड्यांच्या अंतराने, एकाच दौऱ्यातल्या दोन शहरांत जॅक्सन स्टेजवरून उतरला तरी कोर्टातला मामला चालूच राहिला. सोलमध्ये प्रश्न होता तिकिटाच्या किमतीचा. मुंबईत प्रश्न होता त्या तिकिटावरच्या कराचा.

मुंबईत कार्यक्रम आणला तो विझक्राफ्ट या कंपनीने आणि शिव उद्योग सेनेने. मराठी तरुणांना नोकरी-धंद्याला लावण्यासाठी ही संघटना तेव्हा नुकतीच सुरू झाली होती आणि तिची धुरा राज ठाकरे यांच्याकडे होती. कार्यक्रमातून मिळणारा पैसा तिच्या कामासाठी वापरला जाईल, असं जाहीर झालं होतं. राज्यात मार्च १९९५पासून शिवसेना-भाजप युतीचं सरकार होतं, मुख्यमंत्री मनोहर जोशी. सरकारने या कार्यक्रमाला करमणूक शुल्कातून सूट दिली.

जॅक्सन विमानतळावर उतरला तेव्हाचं चित्र ज्यांनी पाहिलंय ते विसरले नसतील. नऊवारी नेसलेली सोनाली बेंद्रे, हातात ओवाळणीचं तबक, आणि समोर काळी हॅट घातलेला जगातला सगळ्यात ओळखीचा चेहरा. त्या चेहऱ्याच्या कपाळावर कुंकवाचा टिळा लागतो आणि तो लहान मुलासारखा हसतो. शहरात येताना वाटेत गाडी थांबवून तो झोपडपट्टीतल्या मुलांना भेटला. बाळासाहेब ठाकरे यांच्या भेटीला वांद्र्याला ‘मातोश्री’वर गेला. परक्या संस्कृतीच्या आक्रमणाविरुद्ध एरवी बाह्या सरसावणारा पक्ष पॉपच्या बादशहाला ओवाळतोय, यावर तेव्हा भरपूर लिहून आलं. त्याच महिन्यात २३ तारखेला बंगळुरूला विश्वसुंदरी स्पर्धा झाली, तीही मोठ्या विरोधात आणि कडेकोट बंदोबस्तात. मुंबईत कार्यक्रम बिनघोर पार पडला, कारण जिथून विरोध व्हायची शक्यता सगळ्यात जास्त होती, तिथेच तो आयोजला गेला होता. पण या विसंगतीवर मी फार वेळ घालवणार नाही. तिची चर्चा तेव्हाच पोटभर झाली, आणि ती करताना खरा प्रश्न बाजूला पडला.

त्या रात्रीबद्दल मात्र थोडं सांगतो. मी तेव्हा अकरावीत होतो. तिकीट परवडण्याचा प्रश्नच नव्हता. वीरा देसाई रोडपासून हाकेच्या अंतरावर वर्गमित्राचं घर होतं, त्यांच्या इमारतीच्या गच्चीवर आम्ही पंधरा-वीस जण जमलो होतो. शुक्रवार होता, दिवाळी आठवड्यावर आली होती, कुणाकुणाच्या गॅलरीत कंदील लागले होते. शहाजीराजे क्रीडा संकुल तिथून दिसत होतं असं म्हणणं धाडसाचं होईल. दिसत होता तो फक्त झाडांमागून वर येणारा उजेड, कधी पांढरा, कधी निळा, आणि त्यात तरंगणारी धूळ. पण आवाज पोचत होता. गाण्यांचे शब्द विरून जायचे, खर्जातला ठोका तेवढा उरायचा. मित्राच्या आईने पाण्याच्या टाकीवर हात ठेवला आणि आम्हाला हाक मारली, “अरे, इकडे या, हात लावून बघा.” सिंटेक्सची ती काळी टाकी बारीक थरथरत होती. आम्ही सगळ्यांनी आळीपाळीने तिला हात लावला. त्यांना जॅक्सनचं एकही गाणं ठाऊक नव्हतं. कार्यक्रम संपेपर्यंत त्या मात्र गच्चीवरून हलल्या नाहीत.

पुढे त्या दौऱ्याच्या चित्रफिती पाहिल्या तेव्हा कळलं की त्या उजेडात काय चाललं होतं. सुरुवातीला स्टेजवर एक अंतराळयानासारखी कुपी येते आणि तिच्यातून सोनेरी पोशाखातला जॅक्सन बाहेर पडतो. पण मला सगळ्यात आवडतो तो एक साधा प्रसंग. भल्या मोठ्या रिकाम्या स्टेजवर तो एकटाच एक जुनी सूटकेस घेऊन येतो. घाई अजिबात नाही. सूटकेस उघडतो, जाकीट काढतो, मग हातमोजा, मग हॅट. हॅट बाहेर आली की सगळं मैदान ओळखतं, आता कुठलं गाणं येणार. एक सूरही न लावता हजारो लोकांना त्याने मुठीत घेतलेलं असतं. तमाशातल्या सरदाराला किंवा नाटकातल्या कसलेल्या नटाला ही कला माहीत असते. वस्तू किती सावकाश काढायची, यावर टाळी अवलंबून असते.

हे एवढ्यासाठी लिहिलं, की करमाफीवर बोट ठेवणारा माणूस संगीताचा वैरी असतो असा एक समज आहे. मला ते संगीत आवडतं. तरीही ती माफी ज्या रीतीने दिली गेली ती रीत मला मान्य नाही.

आता कर. करमणूक शुल्क हा मूळचा युद्धकाळातला कर, ब्रिटनने तो पहिल्या महायुद्धात १९१६ साली लावला. आपल्याकडे मुंबई इलाख्यात त्यासाठी १९२३चा कायदा झाला आणि पुढे जवळपास शंभर वर्षं तोच चालला. कर भरायचा प्रेक्षकाने. आयोजक किंवा थिएटरमालक तो तिकिटाबरोबर वसूल करणार आणि सरकारजमा करणार. जुनी सिनेमाची तिकिटं कुणी जपून ठेवली असतील तर त्यांवर मूळ दर आणि कर वेगवेगळे छापलेले दिसतील. जिल्हाधिकारी कार्यालयातली करमणूक कर शाखा हे सगळं बघायची.

या कायद्यात सूट देण्याचीही सोय होती. त्यामागचा विचार ढोबळमानाने दोन प्रकारचा. एक, कार्यक्रमाचं उत्पन्न धर्मादाय कामाला जात असेल तर. दोन, त्या करमणुकीचं समाजाला किंवा कलेला काही मोल आहे म्हणून सरकारने ती खास सूट द्यायला योग्य मानली तर. दुसरा प्रकार आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. अमुक सिनेमा करमुक्त झाला अशी बातमी यायची आणि दुसऱ्या दिवशी तिकीट स्वस्त व्हायचं. मराठी चित्रपटांना करमणूक कराचा परतावा द्यायची योजना सत्तरच्या दशकात आली आणि तिने कितीतरी निर्मात्यांना तगवलं. या सवलतींमागची कारणं उघड होती, कुणालाही वाचून समजतील अशी. मराठी सिनेमा जगावा, शाळकरी मुलांनी हा चित्रपट बघावा.

जॅक्सनच्या कार्यक्रमाला यातलं कुठलं कारण लागू होत होतं?

हा प्रश्न मुंबई ग्राहक पंचायतीने उच्च न्यायालयात नेला. ही संस्था मध्यमवर्गीय मुंबईकरांना माहीत आहे ती वेगळ्याच कामासाठी: १९७५पासून शेजारपाजारच्या कुटुंबांचे संघ बांधून, महिन्याचं वाणसामान घाऊक भावाने एकत्र घ्यायचं आणि आपसात वाटून घ्यायचं. डाळ-तांदळाच्या वजनावर नजर ठेवणाऱ्या माणसांनी पॉपच्या कार्यक्रमाविरुद्ध याचिका का करावी, असं तेव्हा काहींना वाटलं. मला त्यात काहीच विचित्र वाटत नाही. करमणूक शुल्क हा ग्राहकाच्या खिशातून जाणारा कर होता. सूट मिळाल्यावर ग्राहकाला तिकीट स्वस्त मिळतं, की मधल्यालाच नफा होतो, हे ग्राहक संघटनेने विचारायचं नाही तर कुणी विचारायचं? कार्यक्रम सरळसरळ व्यावसायिक आहे, त्याला माफी देऊन सार्वजनिक तिजोरीला खड्डा का पाडायचा, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा.

धर्मादाय कामाचा आधार घ्यायचा तर तोही डळमळीत होता. तरुणांना रोजगार मिळवून देणं हे चांगलं काम, त्याबद्दल दुमत नाही. पण ते करणारी संघटना सत्तेतल्या पक्षाच्या घरातली होती आणि सूट देणारं सरकारही त्याच पक्षाचं होतं. देणारा आणि घेणारा इतके जवळचे असले की साध्या माणसाच्या मनात शंका येते, आणि ती दूर करायची जबाबदारी देणाऱ्यावर असते. ती दूर करायचा एकच मार्ग असतो: फाइलीवर कारण लिहायचं. हाच कार्यक्रम का, किती रक्कम सोडतोय, बदल्यात लोकांना काय मिळणार, उद्या दुसरा कुणी असाच अर्ज घेऊन आला तर त्यालाही देणार का.

उच्च न्यायालयाचा निकाल लागला २०११मध्ये. पंधरा वर्षांनी. माफीचा आदेश न्यायालयाने रद्द केला आणि राज्य सरकारला सांगितलं, संबंधितांचं म्हणणं ऐकून नव्याने निर्णय घ्या. या निकालाचा अर्थ नीट लक्षात घेण्यासारखा आहे. जॅक्सनच्या कार्यक्रमाला माफी कधीच देता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं नाही. माफी देण्याचा अधिकार सरकारचाच राहिला. तो विचारपूर्वक वापरा, एवढंच मागणं होतं.

आणि इथे या प्रकरणातला मला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग येतो. नव्याने निर्णय घ्यायला सरकारला पुढची दहा वर्षं लागली. २०११मध्ये काँग्रेस-राष्ट्रवादीचं सरकार होतं, २०१४ला भाजप-शिवसेनेचं आलं, २०१९ला महाविकास आघाडीचं. तीन वेगवेगळ्या रंगांची सरकारं आली, तेव्हा कुठे एका कार्यक्रमाच्या कराचा प्रश्न निकाली निघाला. ‘हे अमक्या पक्षाचं प्रकरण’ असं म्हणून ज्यांना हात झटकायचे असतील त्यांनी ही तीन नावं एकापाठोपाठ वाचावीत. निर्णय माफीचा घ्या किंवा वसुलीचा, पण घ्या. कराची रक्कम इतकी वर्षं जमा करून ठेवलेली होती. आयोजकाला तिचा उपयोग नाही, आणि ती आपली आहे असं सरकारलाही छातीठोकपणे म्हणता येत नाही. कुठल्याही धंदेवाल्याला विचारा, अडकलेल्या पैशाची ही तऱ्हा नुकसानीपेक्षा वाईट.

या चोवीस वर्षांत एक गोष्ट करता आली असती आणि ती झाली नाही. मुंबईला मोठे आंतरराष्ट्रीय कार्यक्रम हवे आहेत का, हे एकदा ठरवता आलं असतं. हवे असतील तर त्यांना कर किती, सवलत कुणाला, कुठल्या अटींवर, हे सगळ्यांसाठी सारखं आणि आधीच लिहून ठेवता आलं असतं. सवलतीच्या बदल्यात अमुक इतकी तिकिटं विद्यार्थ्यांना स्वस्तात द्या, अशी साधी अट घालता आली असती. आमच्या गच्चीवरचे निदान दोघे-तिघे मैदानात गेले असते. शास्त्रीय संगीत, नाटक, तमाशा, मराठी सिनेमा यांच्याबद्दल बोलताना सरकारला शब्द सापडतात, कारण ही आपली संस्कृती आहे हे म्हणायला सोपं जातं. लोकप्रिय संगीत, त्यातही परदेशी, समोर आलं की शब्द संपतात. त्याच्यावर प्रेम करणारी लाखो माणसं आपल्याच गावात आहेत, हे सरकारी कागदावर कुणी लिहित नाही. मग संगीताच्या जागी आयोजक कोण आहे हेच कारण होऊन बसतं.

याचा दाखला पुन्हा मिळाला तो १९ नोव्हेंबर २०१६ला. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एमएमआरडीएच्या मैदानावर ग्लोबल सिटिझनचा कार्यक्रम झाला, कोल्डप्ले हा ब्रिटिश बँड आला. शिक्षण, स्वच्छता, स्त्री-पुरुष समानता अशी त्यामागची उद्दिष्टं होती. सरकारने त्याही कार्यक्रमाला करमणूक शुल्क माफ केलं, आणि तेव्हाही तेच आक्षेप, तीच उत्तरं. जॅक्सनची फाइल तोवर प्रलंबित होती. आधीच्या माफीचा गुंता सुटायच्या आत दुसरी माफी दिली गेली. तो कार्यक्रम मी मैदानात उभं राहून पाहिला आणि मनापासून नाचलो. पण परत येताना कुर्ल्याच्या रिक्षात डोक्यात हाच विचार होता, की वीस वर्षांत आपण यातलं काय शिकलो.

२०२१च्या निर्णयाने आयोजक कंपनीला तिची रक्कम परत मिळण्याची वाट मोकळी झाली. इतक्या वर्षांनंतर पैसे अडकवून ठेवण्यात अर्थ नव्हता, हे मी मानतो. कंपनीने कार्यक्रम केला, सरकारच्या शब्दावर विसंबून केला, आणि शब्द देणाऱ्याने कारण लिहिलं नाही याची शिक्षा तिने भोगत राहावी, हे न्यायाचं नव्हतं. पण त्या बुधवारच्या निर्णयात ज्याचं नाव निघालं नाही तो प्रेक्षक. कर मुळात त्याच्यावरचा होता आणि माफीही त्याच्याच नावाने मागायला हवी होती. १९९६मध्ये ज्याने महिनाभराचा पगार मोडून तिकीट काढलं असेल, तो आज पन्नाशी-साठीत असेल. त्याच्याकडे फार तर ते तिकीट असेल, कुठल्याशा वहीत घडी घालून ठेवलेलं.

माझ्याकडे तेही नाही. वर्गमित्राची ती इमारत पुनर्विकासात गेली आणि गच्चीही गेली. त्याच्या आईला मात्र अजून ती रात्र आठवते. गेल्या वर्षी भेटल्या तेव्हा कराचं हे सगळं लांबण मी त्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण मग सूट द्यायची होती तर तिकीटच स्वस्त का नाही केलं रे?”